बिनपाटीची बिऱ्हाडं

आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठीच्या तासाला निबंध द्यायचा म्हणजे चार-पाच विषय ठरलेले. माझी आई, पावसाळ्यातला एक दिवस, मी पंतप्रधान झालो तर. आणि सहल नुकतीच जाऊन आली असेल तर ‘प्राणिसंग्रहालयाला भेट’. शाळेपासून राणीबाग बसने दहा मिनिटांवर, त्यामुळे सहलही ठरलेलीच.

डिसेंबर २०१९ मधली गोष्ट. सातवीच्या वह्या तपासत होतो. बेचाळीस वह्यांमध्ये बेचाळीस पेंग्विन. सगळे ‘ऐटीत चालत होते’, कारण फळ्यावर ते वाक्य मीच लिहून दिलं होतं. त्यात एका मुलीची वही निघाली. पेंग्विनबद्दल एकच ओळ: ‘काचेपुढे गर्दी होती म्हणून नीट दिसले नाहीत.’ पुढे दीड पान भरून झाडाला उलटे लटकलेले ‘चमगादड’. ते झोपेत पंख कसे हलवतात, एकमेकांना कसे ढकलतात, त्यांच्या झाडाखाली वास कसा येतो. आणि एक बगळा, ज्याचे डोळे लाल होते आणि जो ‘दिवसा झोपतो, आमच्या वॉचमन चाचासारखा’.

मी दहापैकी चार गुण दिले. ‘चमगादड’ला लाल गोल केला, वर ‘वटवाघूळ’ लिहिलं आणि खाली शेरा मारला: विषय सोडून लिहू नये.

वही घेऊन ती टेबलाशी आली. “सर, ये भी तो वहीं रहते हैं ना?”

“बेटा, ते प्राणिसंग्रहालयाचे नाहीत. बाहेरून येऊन राहतात.”

“तो फिर किसके हैं?”

तास संपल्याची घंटा झाली आणि मी सुटलो. बीएडला असताना ‘मुलाच्या स्वतःच्या निरीक्षणाला उत्तेजन द्यावे’ यावर मी मोठं उत्तर लिहिलं होतं. चांगले गुणही मिळाले होते.

पुढच्या रविवारी एकटाच राणीबागेत गेलो. खरं तर ही बाग मला नवी नाही. ईदच्या दुसऱ्या दिवशी अब्बा आम्हा चौघा भावंडांना इथे आणायचे. मदनपुरा, नागपाडा, आग्रीपाड्याच्या पोरांची ईद इथेच पुरी व्हायची. पण पिंजऱ्यापासून पिंजऱ्यापर्यंत चालताना आम्ही वर कधी पाहिलंच नव्हतं. पिंजऱ्यावर पाटी असते, पाटीवर नाव असतं, नाव वाचलं की पाहून झालं.

या वेळी मान वर करून चाललो. उंच झाडांच्या शेंड्यांवर काळी-तपकिरी वटवाघळं फडकी वाळत घातल्यासारखी लटकली होती. ही फळं खाणारी मोठी जात, पंख पसरले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मीटरभराहून जास्त. उन्हाने हैराण झाली की पंखांनी वारा घेतात. मुलीने लिहिलं होतं अगदी तसं. एकीच्या छातीला पिल्लू चिकटलेलं दिसलं. वर्षाला बहुधा एकच पिल्लू होतं यांना.

बगळाही सापडला. रातबगळा, आपल्याकडे त्याला रात ढोकरीही म्हणतात. डोक्यावर काळी टोपी, अंगावर राखाडी शाल, डोळे गुंजेसारखे लाल. पाणपक्ष्यांच्या जाळीजवळच्या फांदीवर मान खांद्यात घालून बसला होता. जाळीच्या आतल्या पक्ष्यांना वेळेवर मासळी, डॉक्टर आणि नावाची पाटी. बाहेरचा मात्र अंधार पडला की आपली मासळी शोधायला स्वतः उडणार.

झाडाखाली पाला गोळा करणाऱ्या एका वयस्क माळीकाकांना विचारलं, हे कधीपासून आहेत?

“मास्तर, यांना कुणी आणलं नाय. मी कामाला लागलो तवापासून हायेतच.”

मी मास्तर आहे हे त्यांनी कशावरून ओळखलं, अल्लाह जाणे.

मग थोडं वाचलं. राणीबाग १८६१-६२ च्या सुमारास उभी राहिली ती मुळात झाडांची बाग म्हणून, प्राण्यांचे पिंजरे नंतरचे. आजही तिथे तीन हजारांच्या आसपास झाडं आहेत. आफ्रिकेतून आलेली गोरखचिंच आहे, ब्रह्मदेशची उर्वशी आहे. भोवती गिरण्या उठून टॉवर आले, रस्त्यांवर उड्डाणपूल आले, पण भिंतीच्या आत जुनी झाडं राहिली, पाणी राहिलं आणि संध्याकाळी दरवाजे बंद झाल्यावरची शांतता राहिली. जंगली पाखराला आणखी काय लागतं? माणसांनी कैद्यांसाठी सोय केली, तिचा फायदा मोकळ्यांनी घेतला. मधे बागेचा कायापालट करण्याची मोठी योजना आली होती, तेव्हा काही नागरिकांनी, त्यात बायका पुढे होत्या, या झाडांसाठी वर्षानुवर्षं कागदी लढाई दिली. त्या जिंकल्या नसत्या तर या बिऱ्हाडांचं काय झालं असतं ते कुणी मोजलंही नसतं. प्राणिसंग्रहालयांना आपल्याकडच्या प्राण्यांचा हिशेब दरवर्षी केंद्रीय प्राधिकरणाला द्यावा लागतो. किती जन्मले, किती मेले, किती दुसरीकडे पाठवले. झाडावरचे त्या हिशेबात नसतात.

सोमवारी वर्गात त्या मुलीचा निबंध मोठ्याने वाचून दाखवायचा असं ठरवलं होतं. सोमवारी चाचणीचं वेळापत्रक आलं, मग स्नेहसंमेलन, मग आणखी काही. राहून गेलं. मार्च २०२० मध्ये शाळाच बंद झाली आणि राणीबागही.

त्या दिवसांत आमच्या मोहल्ल्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरला: वटवाघळांमुळे आजार पसरतो, वस्तीजवळची झाडं तोडायला लावा. याआधी २०१८ मध्ये केरळात निपाह आला तेव्हाही असंच झालं होतं. निपाहचा विषाणू या वटवाघळांमध्ये आढळतो हे खरं आहे, त्यांनी उष्टावलेलं फळ खाऊ नये हेही खरं. पण झाडावर झोपलेलं वाघूळ कुणाच्या घरात शिरून कोरोना देत नव्हतं. उलट, झाड तोडून किंवा फटाके लावून हुसकावलं की ती चहूकडे पांगतात. मी ग्रुपवर तसं लिहिलं. एका शेजाऱ्याने उत्तर दिलं, “सर, आप को चमगादडों की पडी है?”

गंमत अशी की त्याच आठवड्यात एक भाजीवाला आमच्या गल्लीत यायचा थांबला होता, कारण आमची गल्ली. टीव्हीवर रोज रात्री आजाराचा धर्म सांगितला जात होता. पुढे ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलीगच्या परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेलं असं स्पष्ट म्हटलं. पण एप्रिलमध्ये निकाल आलेला नव्हता. माझ्या त्या शेजाऱ्यालाही दूधवाल्याने लांबूनच परत पाठवलं होतं, आणि तो मात्र झाडं तोडायच्या मेसेजवर अंगठा दाखवत होता. मला त्याचा राग आला. मग लाल शाईचा गोल आठवला आणि राग गिळला.

२०२२ च्या नोव्हेंबरात भाच्याच्या लग्नासाठी दिल्लीला गेलो. एक दिवस मोकळा मिळाला तेव्हा बायको म्हणाली, पुराना किला बघू. किल्ल्याच्या भिंतीला लागूनच तिथलं प्राणिसंग्रहालय. मी तिला तिकडे ओढून नेलं. तळ्यांमधल्या बेटांवर काटेरी झाडं आणि प्रत्येक झाडावर चित्रबलाकांची घरटी, एकावर एक, चाळीच्या गॅलऱ्यांसारखी. पिवळी लांब चोच, शेंदरी तोंड, पाठीवर गुलाबी पिसं. मोठे पक्षी आवाज असा काढत नाहीत, चोची खडखडवतात. पिल्लं मात्र अखंड ओरडत होती. ऊन चढलं तशी एक मादी, किंवा नर असेल, पंख उघडून पिल्लांवर छत्रीसारखी उभी राहिली.

हे प्राणिसंग्रहालय १९५९ साली सुरू झालं आणि १९६० पासून हे पक्षी तिथे घरटी करताहेत. पावसाळा सरताना येतात, पिल्लं मोठी करतात, उन्हाळ्याच्या तोंडावर जातात. मासे आणतात यमुनेवरून आणि आसपासच्या पाणथळींतून. बागेकडून घेतात ती फक्त झाडं आणि बिनधोक जागा. २०१६ मध्ये बर्ड फ्लूमुळे ती बाग काही आठवडे बंद होती, तेव्हा याच पाहुण्यांकडे संशयाने पाहिलं गेलं. बासष्ट वर्षं येणाऱ्याला पाहुणा म्हणावं का, हा प्रश्न वेगळा.

लग्नघरात एका सुशिक्षित गृहस्थांनी मला विचारलं, मुसलमान असून मराठी शिकवता, कुठे शिकलात? म्हटलं, घरी. रत्नागिरीच्या आमच्या घरात आजी मराठीतच भांडायची. त्यांना वाटलं मी विनोद केला. हा प्रश्न मुंबईतही येतो, फक्त तिथे तो कौतुकाच्या सुरात येतो.

उर्दू-हिंदीत एक म्हण आहे: चमगादड के घर मेहमान आए, तुम भी लटको, हम भी लटकें. आमच्याकडे पाहुणे वाढले आणि गाद्या कमी पडल्या की अम्मी ही म्हण म्हणायची.

जून २०२३ मध्ये दहावीचा निकाल लागला. ती मुलगी अम्मीला घेऊन पेढे द्यायला शाळेत आली. मराठीत ८४. निघताना मी कपाटातून कागद काढावा तसं ते जुनं प्रकरण काढलं. म्हटलं, सातवीत तुझ्या निबंधाला मी चार गुण दिले होते, ते चुकलं होतं. तिला आठवतच नव्हतं. अम्मीला मात्र आठवत होतं. “रोई थी उस दिन,” त्या म्हणाल्या.

आणखी एक बातमी मी तिच्यासाठी ठेवली होती. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ‘उपद्रवी’ म्हणून एक यादी होती. कावळा, उंदीर, घुशी आणि फळं खाणारी वटवाघळं. यादीतल्यांना मारायला मोकळीक. ती यादीच २०२२ च्या दुरुस्तीने काढून टाकली आणि दुरुस्ती एप्रिल २०२३ पासून लागू झाली.

दोघींना घरी जायला राणीबागेवरूनच रस्ता होता. मीही निघालो. दरवाजे केव्हाच बंद झाले होते. आम्ही भिंतीबाहेर फुटपाथवर उभे राहिलो. मगरिबची अजान झाली आणि झाडांवरून पहिलं वाघूळ सुटलं, मग दोन, मग मोजता येईनात. बसच्या डोक्यावरून, पुलाच्या दिव्यांवरून, शांतपणे, कुठल्या तरी वडा-उंबराकडे. ती बोटांवर मोजत होती. सत्त्याऐंशीपर्यंत पोचली आणि अम्मी म्हणाली, चल, नमाज जायेगी.

“सर, सत्त्याऐंशी लिहून ठेवा,” ती म्हणाली. मी पेढ्याच्या खोक्यावर लिहून ठेवलं.