बंदरावरचे आठ तास : सिसिलीत आम्ही काय निवडले

क्रूझचे जहाज सकाळी बंदराला लागते आणि संध्याकाळी सुटते. मधल्या वेळात काय पाहायचे, हे प्रवाशांनी ठरवायचे. भूमध्य समुद्रातली जहाजे इटलीच्या ज्या बंदरांत थांबतात, त्यांपैकी सिसिली बेटावरचे पालेर्मो हे एक. आमच्या वेळापत्रकात त्याच्यासमोर लिहिले होते : सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. उतरायला लागणारा वेळ आणि सुटण्यापूर्वी परत चढण्याची अट वजा केली की हातात आठ तास उरतात. जहाज कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबते. स्वतंत्रपणे गेलेल्यांसाठी थांबत नाही. त्यामुळे गाव निवडण्याचे काम घरी, नकाशा पुढे ठेवूनच करावे लागते.

पर्याय तीन होते. पहिला चेफालू. पूर्वेला सुमारे ७० किलोमीटरवर, मोठ्या खडकाच्या पायथ्याशी वसलेले समुद्रकाठचे देखणे गाव. राजा रॉजर दुसरा याने ११३१ मध्ये सुरू केलेले तिथले कॅथेड्रल प्रसिद्ध आहे. दुसरा मोनरेआले. शहरापासून दहाएक किलोमीटरवर, डोंगरउतारावर. तिथल्या चर्चच्या भिंती सोनेरी मोझेकने मढवलेल्या आहेत आणि शेजारच्या अंगणाभोवती २२८ जोडखांब आहेत. तिसरा पर्याय म्हणजे कुठेही न जाता पालेर्मोतच राहणे.

चेफालूची रेल्वे सुमारे तासाभराची आहे. पण बंदरातून स्टेशन, गाडीची वाट, परतीचा प्रवास असे सगळे धरले तर तीन-साडेतीन तास रस्त्यातच जातात. मोनरेआले जवळ आहे, पण बस आणि चढ आलाच, आणि अम्मींचे गुडघे चढाला तयार नव्हते. आणखी एक विचार होता. सुंदर चर्च इटलीच्या प्रत्येक गावात भेटते. आठ तासांत असे काय पाहावे, जे पाहताना आपल्या घरातल्या मुलांना स्वतःहून काही वाचता येईल, ओळखता येईल? या प्रश्नाने निवड सोपी केली. आम्ही पालेर्मोतच राहिलो.

कारण हे शहर कधी काळी अरबी बोलत होते. ८२७ मध्ये मुस्लिम फौजा सिसिलीच्या किनाऱ्यावर उतरल्या आणि ८३१ मध्ये पालेर्मो त्यांच्या ताब्यात आले. ते बेटाची राजधानी झाले. दहाव्या शतकात आलेल्या इब्न हौकल या प्रवाशाने इथे तीनशेहून अधिक मशिदी असल्याचे लिहून ठेवले आहे. १०७२ मध्ये नॉर्मनांनी शहर जिंकले. पण नव्या ख्रिस्ती राजांनी अरबी कारागीर, कारकून आणि विद्वान कामावर ठेवले. त्या काळातल्या नऊ वास्तू २०१५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. त्यांपैकी सात पालेर्मोतच आहेत.

बंदरातून जुन्या शहरात चालत जाता येते. कॅथेड्रलच्या दक्षिणेकडच्या दारापाशी मंडपाचा एक खांब आहे. त्यावर कूफी लिपीत सूरह अल-आराफमधली ५४ वी आयत कोरलेली आहे. या जागी आधी चर्च होते, मग मशीद झाली, पुढे पुन्हा चर्च झाले. लेकीने खांबाजवळ उभे राहून एकेक अक्षर लावायचा प्रयत्न केला. कूफी वाचणे सोपे नाही. पण अलिफ आणि लाम तिला सापडले.

तिथून थोड्या अंतरावर राजवाडा आणि त्यातले कप्पेल्ला पालातीना हे प्रार्थनागृह. त्याच्या भिंतींवर ख्रिस्ती चित्रे आहेत आणि छत लाकडी मुकर्नसचे आहे. मधमाशांच्या पोळ्यासारखी ही रचना बाराव्या शतकातली. त्यावर कूफी अक्षरांत शुभेच्छा रंगवलेल्या आहेत. याच रॉजर राजाच्या दरबारात अल-इद्रीसी या भूगोलतज्ज्ञाने जगाचा ग्रंथ आणि नकाशे तयार केले. काम ११५४ मध्ये पुरे झाले. त्याच्या नकाशात दक्षिण दिशा वर आहे. भूगोलाच्या तासाला नकाशा फळ्यावर टांगून ‘वर उत्तर’ शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावे.

दुपारी टॅक्सीने ‘ला झिसा’ गाठले. नाव अरबी ‘अल-अझीझ’वरून आले. ११६५ च्या सुमारास सुरू झालेला हा राजांचा उन्हाळी महाल. मधल्या दालनात कारंजे आणि पाण्याची पन्हळ. समुद्रावरचा वारा पाण्यावरून आत यावा, अशी योजना. आज तिथे इस्लामी कलेचे संग्रहालय आहे. त्यातली एक शिळा आम्हाला सगळ्यांत मोलाची वाटली. ११४९ ची. राजाच्या एका पाद्र्याने आपल्या आईच्या कबरीसाठी ती करवून घेतली आणि मजकूर चार लिप्यांत लिहवला : लॅटिन, ग्रीक, अरबी आणि हिब्रू अक्षरांतली अरबी. अरबी मजकुरात तारीख हिजरी सनात आहे. आईच्या आठवणीसाठी मुलाने शेजाऱ्यांच्या भाषाही वापरल्या. अम्मी त्या शिळेपाशी बराच वेळ बसून होत्या.

एवढे पाहून ‘किती छान दिवस होते ते’ म्हणत परतणे सोपे आहे. पण ते अर्धेच सत्य. ११८४ मध्ये इब्न जुबैर हजहून परतत असताना त्याचे जहाज मेसिनाजवळ फुटले. किनाऱ्यावर उतरण्याचे पैसे गरीब मुस्लिम प्रवाशांकडे नव्हते. ते राजा विल्यमने दिले, असे तो लिहितो. पालेर्मोचे त्याने कौतुक केले. पण त्रापानीत परतीच्या जहाजाची वाट पाहत असताना घडलेलेही त्याने लिहिले आहे. तिथल्या एका मुस्लिम बापाने आपली मुलगी एका हाजीसोबत मुस्लिम मुलखात पाठवायची तयारी दाखवली, लग्न करून किंवा योग्य वर शोधून देण्याच्या अटीवर. आपला दीन तिला तिथे निर्धास्तपणे पाळता येईल, एवढीच त्याची इच्छा. मुलगीही तयार झाली. पुढे तेराव्या शतकात सम्राट फ्रेडरिक दुसरा याने सिसिलीच्या मुस्लिमांना मुख्य भूमीवरच्या लुचेरा गावी हलवले. १३०० मध्ये ती वस्तीही मोडली आणि लोक गुलाम म्हणून विकले गेले. छत टिकले, छत रंगवणाऱ्यांची नातवंडे टिकली नाहीत. मुलांना दोन्ही गोष्टी सांगितल्या पाहिजेत. नुसता अभिमान सांगितला तर ती फुशारकी शिकतील, आणि नुसते दुःख सांगितले तर कडवटपणा.

आता थोडे कामाचे. भारतीय पासपोर्टवर एका दिवसासाठी उतरायलाही शेंगेन व्हिसा लागतो. जहाज मध्ये ट्युनिससारख्या बंदराला जाऊन परत युरोपात येत असेल, तर अनेक प्रवेशांचा व्हिसा घ्यावा. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले असावे लागतात, म्हणजे आपल्या भगिनींना वेगळी तयारी नको. रविवारी प्रार्थनेच्या वेळी आत जाता येत नाही. मुसाफिराला नमाजची सवलत आहेच. किब्ला इथून आग्नेयेकडे. व्हिया देल चेल्सो या गल्लीत जुन्या चर्चच्या इमारतीत आज मशीद आहे.

खाण्यासाठी ‘पानेल्ले’ मागा. हरभऱ्याचे पीठ शिजवून, थापून, काप तळलेले असतात. आपल्या पाटवडीची बहीणच म्हणा. पण ‘स्त्रुत्तो’ हा शब्द पाठ करून जा. त्याचा अर्थ डुकराची चरबी. ‘कान्नोली’ या प्रसिद्ध मिठाईच्या कवचात पारंपरिक रीतीने ती असते आणि मार्साला वाइनही. लिंबाचे बर्फाळ ‘ग्रानिता’ मात्र बिनधोक. लिंबू आणि संत्र्याच्या बागा व त्यांचे पाटपाणी अरबांनीच इथे रुजवले. पाण्याच्या टाकीला सिसिलीचा शेतकरी आजही ‘जेब्या’ म्हणतो, आणि तो शब्दही अरबीच.

चेफालू आणि मोनरेआले राहून गेले. ज्यांना समुद्रकिनारा किंवा मोझेक पाहायचे असेल त्यांनी ती गावे जरूर निवडावीत. आमचे म्हणणे एवढेच, की एका दिवसात दोन-तीन गावे उरकण्यापेक्षा घरातल्या सगळ्यांना झेपेल असे एकच निवडावे. तिथे काय वाचायचे, हे मुलांना निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे. मग आठ तास कमी पडत नाहीत.