पायथ्याचे घर

दिवाळी जवळ आली हे बायकांना भाजणीच्या वासावरून कळते, पुरुषांना खिशाच्या वजनावरून कळते आणि मुलांना मातीवरून कळते. सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर टाकला की आमच्या गल्लीतल्या पोरांचे डोळे एकदम जमिनीला खिळतात. कुणाच्या बांधकामावर चार विटा उरल्या आहेत, कुणाच्या परड्यात तांबडी माती आहे, कुणाच्या माळ्यावर जुने गोणपाट पडले आहे, याची अशी बिनचूक खबर त्यांना असते की बहिर्जी नाईकांनीही मान डोलवावी. दोन दिवसांत अंगणाच्या कोपऱ्यात दगडविटांचा ढीग उभा राहतो, त्याच्यावर चिखलात बुडवलेले गोणपाट चढते, पेरलेली मोहरी नि अळीव चारपाच दिवसांत हिरवे डोके वर काढतात आणि किल्ला तयार होतो.

शिरवळात किल्ला करणे ही तशी धिटाईच म्हणायची, कारण गावाला स्वतःचा खरा किल्ला आहे. नीरेच्या काठचा सुभानमंगळ. डोंगरी नव्हे, भुईकोट. १६४८ साली आदिलशाहीने फत्तेखानाला शिवाजीराजांवर धाडले, तेव्हा त्याच्या फौजेतल्या एका तुकडीने हा कोट घेतला होता. पुरंदरावरून कावजी मल्हार मावळ्यांना घेऊन उतरला आणि त्याने तो परत जिंकला. स्वराज्याच्या अगदी पहिल्या लढायांतली ही एक. कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारता’त तिचे वर्णन आहे. पण आज पुण्याहून साताऱ्याकडे मोटारी भरधाव जातात, त्यांतल्या किती जणांना हे ठाऊक असेल? २०२५ च्या जुलैत शिवनेरी, राजगड, रायगड, प्रतापगड असे मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. आमच्या सुभानमंगळाचे नाव त्यांत असण्याचे कारणच नव्हते. नदीने आणि काळाने त्याचा बहुतेक भाग पुन्हा मातीत मिळवला आहे. पोरांच्या किल्ल्याचे आणि त्याचे गोत्र एकच, असे मला कधीकधी वाटते.

मी मराठीचा प्राध्यापक. परंतु गल्लीतल्या पोरांची अशी समजूत आहे की मराठी शिकवणाऱ्याला इतिहास येतोच, आणि इतिहास येणाऱ्याला किल्लाही बांधता येतो. म्हणून दरसाल मला बोलावणे येते. मी मात्र बांधकामात हात घालत नाही. बुरूज, दरवाजा, चोरवाट, आरशाच्या तुकड्याचे तळे या गोष्टींत थोरांना इतका रस येतो की हळूहळू बाप किल्ला बांधू लागतो आणि मुलगा त्याला पाणी आणून देऊ लागतो. असे गवंडी बाप आणि बिगारी मुले मी पुष्कळ पाहिली आहेत. माझे खाते निराळे. मी ‘चित्रे’ सांभाळतो.

आमच्याकडे किल्ल्यावरच्या मातीच्या माणसांना चित्रे म्हणतात. सिंहासनावरचे महाराज, भालदार, तोफेजवळचा गोलंदाज, ढालतलवारीचे मावळे, डोक्यावर घागर घेतलेली गवळण, बैलजोडीमागचा शेतकरी. बाजारात ही सगळी मंडळी रंगूनसजून तयार मिळतात. महाराज आम्हीही विकत आणतो; त्यांच्या चेहऱ्याशी खेळ नको, असे आमच्या आईचे म्हणणे, आणि ते मला पटते. पण बाकीची प्रजा घरी घडवायची, असा आमचा शिरस्ता आहे. बाजारच्या मावळ्यांत एकच उणीव असते. ते सगळे एकाच साच्यातून निघालेले असतात. शंभर मावळे आणि एकच नाक! असल्या फौजेत कोण कुणाला हाक मारणार?

घरी चित्रे करणे मुळीच अवघड नाही. शहरातल्या वाचकांसाठी थोडे सविस्तर सांगतो. चिकणमाती चाळून, खडे काढून रात्रभर भिजवावी. सकाळी तिच्यात चिमूटभर पिंजलेला कापूस घालून पोळीच्या कणकेसारखी मळावी. कापसामुळे सुकताना तडे कमी जातात. मग मुलाच्या मुठीत मावेल एवढा गोळा त्याच्या हाती द्यावा. गोळ्याची शेंग वळली की झाले धड. सुपारीएवढी गोळी झाली डोके. सांध्यावर ओल्या मातीचे बोट फिरवून दाबले की दोन्ही जोडले जातात. जुन्या वहीच्या कागदाचा त्रिकोण गुंडाळला की पगडी, काडेपेटीतली गूल काढलेली काडी म्हणजे तलवार, चिंचोका म्हणजे ढाल. चित्र सावलीत सुकवावे, उन्हाची घाई करू नये. रंगाला गेरू, हळद, चुना आणि काजळी पुरतात. चौथ्या मजल्यावर माती कुठून आणायची, असे विचारणाऱ्यांसाठीही तोड आहे. दोन वाट्या कणीक, एक वाटी मीठ आणि बेताचे पाणी. ही खारी कणीक मातीचे काम बऱ्यापैकी करते, आणि फरशीही सहज पुसून निघते.

तीन वर्षांचे मूल फक्त गोळ्या आणि साप करील. करू द्यावे, तोफेचे गोळे किल्ल्याला कधी जास्त होत नाहीत. पाच वर्षांचे मूल माणूस करील, पण त्याला मान नसेल. सात वर्षांचे मूल मिशा काढील आणि मिशांपायी डोळे विसरेल. आपण डोळे काढून द्यायला जाऊ नये. ते चित्र कुणाचे, एवढे मात्र जरूर विचारावे. त्या एका प्रश्नाने जे बाहेर येते ते कुठल्याच साच्यातून निघत नाही.

मोठ्या माणसांनी यावर विचार केलेला नाही असे नाही. जर्मनीत फ्रोबेलने १८३७ च्या सुमारास बालोद्यानाची सुरुवात केली, तेव्हा माती आणि कागदाच्या घड्या त्याने मुलांच्या हाती दिल्या. माँटेसरीबाईंचे पहिले बालगृह १९०७ साली रोममध्ये निघाले, तेही हाताच्या कामावरच उभे राहिले. आपल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला गरिबांच्या मुलांसाठी बालवाडी सुरू केली. परदेशी साधने त्या मुलांना परवडणारी नव्हती. मग ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने मानली. आमच्या खेड्यांतल्या आयाबायांना त्यांतले एकही नाव ठाऊक नव्हते. पण आषाढात बेंदराला मातीचे बैल आणि पंचमीला मातीचा नाग हे त्यांच्या घरी होतच होते, आणि उरलेला गोळा पोराच्या हातात जातच होता.

हे सगळे मला पाठ होते. तरी त्याचा अर्थ नीट कळला तो तीन वर्षांपूर्वी, एका सहा वर्षांच्या मुलीकडून.

शिरवळच्या आसपास आता कारखाने झाले आहेत. त्यांच्याबरोबर दूरदूरची माणसे आली आहेत. आमच्या मागच्या दोन खोल्यांत बिहारकडचे एक कुटुंब भाड्याने राहायला आले होते. नवरा कारखान्यात, बायको घरी शिवणकाम करी, आणि ही मुलगी. गावच्या शाळेत पहिलीत होती. मराठी तिला समजे; बोलताना मात्र निम्मे वाक्य गंगेकाठी राही आणि निम्मे नीरेकाठी.

पोरांचा किल्ला चालला असता ती दोन दिवस तुळशीपाशी उभी राहून नुसती बघत होती. तिसऱ्या दिवशी आमच्या आईने तिच्या हातात मातीचा गोळा दिला. संध्याकाळी पाहतो तो किल्ल्याच्या पायथ्याला, बरोबर शत्रूच्या छावणीच्या जागी, चार भिंतींचे एक घर उभे! वर काड्यांचे छप्पर, पुढे वीतभर अंगण.

पोरांनी दंगा केला. आमचे चिरंजीव त्या वेळी नऊ वर्षांचे, आणि किल्लेदार. ते मला म्हणाले, “बाबा, हिला सांगा ना! किल्ल्याला वेढा पडलाय, तिथं घर कुठलं? आणि ती कुठं आपल्यातली आहे?”

मी मुलीला विचारले, “हे काय केलंस, बाळ?”

“घरौंदा,” ती म्हणाली. “दिवाली में बनाते हैं. आमच्या गावाला सगळ्या मुली करतात.”

मग तिच्या आईकडून कळले. बिहारात दिवाळीला मुली मातीचे घर करतात, ते रंगवतात, मातीच्या इवल्याशा भांड्यांत मुरमुरे आणि मिठाई भरून त्यापुढे ठेवतात. घर धान्याने भरलेले राहावे ही भावना. आमची आई हे ऐकून म्हणाली, “म्हणजे आपली लक्ष्मीपूजनाची बोळकी नि लाह्या-बत्तासेच की!” तिच्या दृष्टीने प्रश्न तिथेच मिटला होता.

किल्लेदारांच्या दृष्टीने मिटला नव्हता. पण मुलांना न्यायबुद्धी असते, तिला फक्त वाट मिळावी लागते. चिरंजीव बराच वेळ विचार करून म्हणाले, “बरं, राहू दे. गडावर दूध कोण घालणार? हे गवळणीचं घर.” हिरकणीची गोष्ट त्यांनी नुकतीच ऐकली होती. तडजोड मला उत्तम वाटली. बाकीच्या पोरांनीही माना हलवल्या, आणि एकाने आपली गवळण आणून त्या अंगणात उभी केली.

मुलीने ती उचलली आणि परत त्याच्या हातात दिली. “नाही. हे मम्मीचं घर.”

आवाज अगदी लहान होता. पण असा नकार मी मोठमोठ्या सभांतून ऐकलेला नाही. दिलेली जागा घेईन, दिलेले नाव घेणार नाही, असा तो होता. दुसऱ्या दिवशी तिने आपली माणसे आणली. आई केली होती. तिच्यापुढे शिलाईयंत्र म्हणून काडेपेटी. स्वतःला केले होते. दोन वेण्या हातापेक्षा लांब. आणि तिसरे चित्र तिने घरात आडवे ठेवले.

पोरे हसली. “हा मेला वाटतं! गोळा लागला!”

“मेला नाही,” ती चिडून म्हणाली. “पापा आहेत. रात्रपाळी आहे. दिवसा झोपतात.”

हसणे थांबले. गल्लीतल्या निम्म्या पोरांचे बाप कारखान्यात जातात. रात्रपाळी म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगावे लागत नाही. दिवसभर घरात पाय न वाजवता चालायचे, भांडे पडू द्यायचे नाही, क्रिकेट लांब जाऊन खेळायचे. आजवर आमच्या किल्ल्यावर लढणारे, पहारा करणारे, दूध घालणारे, नांगरणारे सगळे होते. दमून झोपलेला माणूस कुणी केला नव्हता. कुणाच्याही यादीत तो नव्हता, आणि प्रत्येकाच्या घरी मात्र होता.

थोड्या वेळाने मी खिडकीतून पाहिले. चिरंजीवांनी तटावरून एक मावळा काढला होता आणि तो त्या घराच्या दाराशी उभा केला होता. तोफेचे तोंड दुसरीकडे वळले होते. एक लहानगा फटाका लावायला आला, तेव्हा किल्लेदार त्याच्यावर ओरडले, “ए, इथं नाही! लांब जा! झोपलेत ते!”

त्या दिवाळीत आमच्या किल्ल्याला शत्रू उरला नाही. छावणीच्या जागी माणसे राहायला आल्यावर वेढा घालणार कोण? लक्ष्मीपूजनाच्या रात्री त्या अंगणात एक पणती आमच्या आईने लावली आणि एक तिच्या आईने. मुरमुऱ्यांवर मात्र पोरांनी धाड घातली. मला आपले त्या वेळी एवढेच वाटले, की साच्याचा मावळा आणला असता तर हे घडले नसते. साच्यातून निघालेल्या चित्राला दुसऱ्याचा बाप ओळखता येत नाही. ज्याचे नाक आपण अंगठ्याने दाबून काढले आहे, तोच आपल्या बाजूने पहाऱ्याला उभा राहतो.

तुळशीच्या लग्नानंतर किल्ला मोडला. तो मोडायचाच असतो. विटा ज्याच्या त्याला परत गेल्या, माती पुन्हा परड्यात गेली. मुलीने आपली तीन माणसे बुटाच्या खोक्याच्या झाकणात घालून नेली. पुढच्या उन्हाळ्यात तिच्या वडिलांचे कंत्राट संपले आणि ते कुटुंब दुसऱ्या गावी गेले. कुठे गेले ते कळले नाही. अशी माणसे पत्ता देऊन जात नाहीत, कारण त्यांनाच तो ठाऊक नसतो.

त्यानंतरच्या दिवाळीत मी नेहमीप्रमाणे माती मळून दिली. चिरंजीव आता दहा वर्षांचे झाले होते आणि चित्रांपेक्षा दिव्यांच्या तारांत त्यांचे मन अधिक होते. तरी किल्ला झाल्यावर मी पायथ्याशी वाकून पाहिले. तिथे चार भिंतींचे घर होते, आणि आत एक माणूस आडवा निजला होता. हात उशाशी, मिशा मोठ्या, डोळे काढलेलेच नव्हते.

“हा कोण रे?” मी विचारले.

“रात्रपाळीवाला,” तारेची गाठ दातांनी सोडवत ते म्हणाले. “तो असतोच, बाबा.”