मांडवी ते मॉरिशस – भाग १ : बेत

मंगळवार, १० फेब्रुवारी २०२६

मॉरिशसचं नक्की झालं. लेकीच्या डोक्यात मालदीव होतं, ह्यांना बाली खर्चात बसेल असं वाटत होतं. दोघांशी मी दिवाळीपासून वाद घालत होते. माझं म्हणणं एवढंच की समुद्र कुठेही निळाच दिसेल, पण परदेशातल्या बेटावर उतरून कुणाशी मराठीत बोलता येईल असं बेट या तिघांत हे एकच.

ऊसमळ्यांत राबायला १८३४ ते १९२० या काळात हिंदुस्थानातून जवळजवळ पाच लाख माणसं करारावर मॉरिशसला गेली. त्यांत बिहारकडची सर्वांत जास्त, तामीळ आणि तेलुगूही बरीच, आणि मुंबई बंदरातून गेलेली थोडी मराठी, मुख्यतः रत्नागिरी-सावंतवाडीकडची. त्यांची पणतवंडं, खापरपणतवंडं आज तिथे आहेत. गणपती बसवतात, कोकणातली जाखडी नाचतात, मुलांना शाळेत मराठी शिकायची सोय आहे.

आपणही महाराष्ट्राबाहेरचेच. आमच्या घराण्याचा मूळपुरुष कोकणातून गायकवाडांच्या कारभारात दप्तर सांभाळायला बडोद्याला आला आणि मांडवीजवळ वाडा बांधून राहिला. मानानं आला, जमीन मिळाली, राजा मराठी होता. त्याच कोकणातली, त्याच जातकुळीची माणसं कागदावर अंगठा उठवून जहाजात बसली आणि त्यांच्या वाट्याला ऊस आला. या दोन्ही निघण्यांचं पुढे काय झालं हे शेजारी शेजारी ठेवून पाहायची मला ओढ आहे. सुट्टीत हे कशाला, असं लेकीनं विचारलं. सुट्टी म्हणूनच तर, म्हटलं. एरवी वेळ कुठे असतो?

बुधवार, ११ फेब्रुवारी

ट्रॅव्हल एजंटकडे जाऊन आलो. त्यानं छापील कार्यक्रम पुढे केला. मुक्काम उत्तरेला ग्रां बे भागात, एक दिवस इल ओ सेर्फच्या बेटावर, एक दिवस कॅटमरान, पॅरासेलिंग, पाण्याखाली चालणं, खरेदी. पोर्ट लुईच्या वाट्याला अर्धा दिवस, तोही बाजारासाठी. मी आप्रवासी घाट विचारला. त्यानं संगणकावर शोधलं आणि म्हणाला, ‘बेन, मॉरिशसमां तो बीच ज जोवाना होय.’

माणूस सज्जन आहे, त्याच्याकडे लोक जे मागतात तेच तो विकतो. पण ज्या घाटावर करारावरची माणसं उतरवली जात, ज्याच्या दगडी पायऱ्या अजून शाबूत आहेत आणि ज्याला २००६ साली युनेस्कोनं जागतिक वारसा म्हटलं, तो भारतातून जाणाऱ्या माणसाच्या कार्यक्रमात नसावा, याचं मला फार वाईट वाटलं. तिथून पुढे गेलेल्यांत आपलीच माणसं होती. तेव्हा ठरवलं, एजंटकडून फक्त तिकिटं घ्यायची. बाकी बेत घरी आखायचा.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

सकाळ सेंट्रल लायब्ररीत. मांडवीत राहण्याचं एक सुख म्हणजे ही लायब्ररी चालत गाठता येते. सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बोलावून १९१० साली जी ग्रंथालयव्यवस्था उभी केली, तिचं हे केंद्र. लोखंडी फडताळं आणि काचेची जमीन, वरच्या मजल्याचा उजेड खालच्या पुस्तकांवर पडतो. लहानपणी त्या काचेवर पाय ठेवायला मी घाबरायचे.

हिंदी विभागातून अभिमन्यु अनत यांची ‘लाल पसीना’ घरी आणली. मॉरिशसमध्येच जन्मलेल्या लेखकानं १९७७ साली गिरमिटियांवर, म्हणजे करारावर गेलेल्या मजुरांवर, लिहिलेली कादंबरी. निघण्याआधी घरातल्या प्रत्येकानं वाचायची असा नियम केला आहे.

पण आजची मोठी गोष्ट वेगळीच. मणिलाल डॉक्टर हे नाव मला गांधीजींच्या संदर्भात ठाऊक होतं. ते बडोद्यातले, हे माहीत नव्हतं. जन्म १८८१ चा. गांधीजी दक्षिण आफ्रिकेहून परतताना १९०१ साली मॉरिशसला थांबले होते, तिथल्या मजुरांची स्थिती त्यांनी पाहिली, आणि पुढे त्यांच्या सांगण्यावरून हा तरुण बॅरिस्टर १९०७ साली तिथे पोचला. मळ्यात एक दिवस गैरहजर राहिलं की दोन दिवसांची मजुरी कापायची, असा तिथे रिवाज होता. ‘डबल कट’ म्हणत त्याला. मणिलाल कोर्टात या मजुरांच्या बाजूनं उभे राहिले, १९०९ साली त्यांनी ‘हिंदुस्थानी’ हे पत्र काढलं, आधी इंग्रजी-गुजरातीत आणि मग हिंदीत. आपल्या गावचा माणूस इतक्या लांब जाऊन इतकं करून येतो, आणि गावाला त्याची याद नसते. लेकीनं हे सगळं फोनवर मैत्रिणीला वाचून दाखवलं. मालदीवचं नाव त्यानंतर निघालं नाही.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

बँकेत पैशांची चौकशी. बँक ऑफ बडोदा १९०८ च्या २० जुलैला सुरू झाली ती इथेच, मांडवीत. हीच बँक १९६२ पासून मॉरिशसमध्येही आहे, तिथल्या स्वातंत्र्याच्या सहा वर्षं आधीपासून. तिथलं चलनही रुपयाच, फक्त त्यांच्या एका रुपयाला आपले पावणेदोन-दोन मोजावे लागतात. भारतीयांना पर्यटनासाठी आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट, मुक्कामाची नोंद आणि पुरेसे पैसे असल्याचं दाखवता आलं पाहिजे. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. मुंबईहून विमानाला सहा तासांहून थोडा अधिक वेळ.

शनिवार, १४ फेब्रुवारी

आज खरा पेच सुटला.

जायचं कधी? जानेवारी ते मार्च तिथे चक्रीवादळांचे दिवस, ते बाद. मे ते ऑक्टोबर त्यांचा थंडीचा काळ, हवा कोरडी. मला भाद्रपद हवा होता. तिथल्या पहिल्या गणेशोत्सवाचं साल १८९६ सांगतात, आँरिएता गावातल्या एका मराठी कुटुंबानं तो सुरू केला. आज त्या दिवशी देशभर सार्वजनिक सुट्टी असते. एक बारकावा लक्षात ठेवायला हवा : ही सुट्टी आपल्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी येते. २०२४ साली आपल्याकडे ७ सप्टेंबर, तिथे ८. २०२५ साली आपल्याकडे २७ ऑगस्ट, तिथे २८. या वर्षी आपली चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, म्हणून १२ ते १७ हे दिवस तिथेच काढायचे.

पण घरच्या गणपतीचं काय? वाड्यात गणपती बसला नाही असं साल कुणाला आठवत नाही. ह्यांनी साफ सांगितलं, ‘आईंना विचारल्याशिवाय तारीख काढायची नाही.’ मी जेवणानंतर विषय काढला, धीर एकवटूनच. आई सुपारी कातरत होत्या. सगळं ऐकून घेतलं, मॉरिशसच्या मराठी लोकांबद्दल दोन-चार प्रश्न विचारले, ती माणसं घरात काय बोलतात, लग्नं कुठे जमवतात. मग म्हणाल्या, ‘गणपती दिराकडे बसव या वर्षी. तोही याच घरातला आहे. आणि माझं तिकीट काढलंस का?’

आम्ही तिघंही गप्प. आईंचं वय अठ्ठ्याहत्तर, विमानात कधी बसल्या नाहीत. ह्यांनी गुडघ्यांचा विषय काढला. आई म्हणाल्या, ‘बडोद्याला आपली माणसं आली ती गणपती बरोबर घेऊनच आली ना? ती तिकडची पण घेऊन गेली. मला तो बघायचाय.’

धाकट्या दिरांना लगेच फोन केला. जाऊबाई उलट खूश, मखर या वेळी आपल्या मनासारखं करता येईल म्हणून.

रविवार, १५ फेब्रुवारी – महाशिवरात्र

संध्याकाळी लहेरीपुरा दरवाजातून न्यायमंदिराच्या बाजूनं सूरसागरला गेलो. आज तिथे पाय ठेवायला जागा नसते. तळ्याच्या मधोमध १११ फुटांचा सर्वेश्वर महादेव, आता सोन्यानं मढवलेला, आणि काठावर आरतीची वाट बघणारी अख्खी जुनी पेठ.

मॉरिशसच्या डोंगरात गंगा तलाव म्हणून तळं आहे. १९७२ साली गंगाजल आणून त्यात घातलं. त्याच्या काठावर २००७ साली मंगल महादेवाची १०८ फुटी मूर्ती उभी राहिली, आणि ती आमच्या या सूरसागरच्या महादेवाबरहुकूम घडवलेली आहे. आज तिथेही हीच रात्र. बेटाच्या कानाकोपऱ्यातून लोक पांढरे कपडे घालून, खांद्यावर कावड घेऊन चालत आलेले असतील. आईंना हे सांगितलं तर त्यांनी समोरच्या मूर्तीला दुसऱ्यांदा हात जोडले.

सोमवार, १६ फेब्रुवारी

आईंच्या पासपोर्टचा अर्ज भरला. जन्म माहेरी, घरातच झालेला, दाखला नाही. पण त्यांच्या वयाच्या माणसाला जन्मतारखेसाठी इतर कागद चालतात. साठीच्या वरच्यांना नव्या पासपोर्टच्या शुल्कात दहा टक्के सूट आहे, म्हणजे १५०० चे १३५० झाले.

अर्जात एक रकाना आहे, अंगावरची ओळखीची खूण. आईंनी उजव्या मनगटावरचा भाजल्याचा डाग दाखवला, पुरणपोळीच्या तव्याचा, लग्नानंतरच्या पहिल्या होळीचा. लिहिताना माझा हात थांबला. मॉरिशसमध्ये मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांच्या नोंदवह्या जपल्या आहेत. त्यांतही माणसाचं नाव, क्रमांक, गाव, जिल्हा, उंची आणि अंगावरची खूण लिहिलेली असते. त्या माणसांना ती खूण कुणी विचारली असेल, कोणत्या भाषेत, आणि कुणाच्या मनगटावरच्या डागामागची हकिगत कारकुनानं ऐकून घेतली असेल? आज तिथली कुटुंबं त्याच वह्यांवरून आपलं मूळ गाव शोधतात. मोका आमच्या बेतात पक्कं.

रात्री लेकीला एक गोष्ट समजावून सांगितली. तिथल्या तरुण मुलांची रोजची बोली क्रिओल आहे. मराठी त्यांनी शाळेत आणि मंडळात शिकलेलं असणार. त्यांचं मराठी तपासायला आपण जायचं नाही. पुण्याहून आलेला पाहुणा आपल्या बोलण्यातलं गुजराती वळण ऐकून हसतो तेव्हा कसं वाटतं, ते आपल्याला ठाऊक आहे. पन्नास वर्षं इथे शाळा, ग्रंथालयं, नाटकं राजाच्या आधारावर चालली तरी आपलं मराठी असं झालं. त्यांना राजा नव्हता.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

विमानाची तिकिटं काढली. मुंबईपर्यंत रेल्वेनं जायचं, पुढे विमान, निघायचं १० सप्टेंबरला.

मुक्काम उत्तरेला न ठेवता पश्चिमेला, फ्लिक-आँ-फ्लाकला. तिथे लेकीला हवा तसा लांब किनारा आहे, आणि मराठी वस्तीचं कास्कावेल जवळच. चतुर्थीचे दोन्ही दिवस कास्कावेलसाठी, त्यांत दुसरं काहीही घालायचं नाही. एक दिवस पोर्ट लुई, सकाळी आप्रवासी घाट आणि दुपारी मोका. एक दिवस गंगा तलाव आणि आँरिएता. तलाव उंचावर आहे आणि सप्टेंबरात तिथे गार वारा असतो, आईंसाठी शाल आणि मोजे हाताशी ठेवायचे. ल मॉर्नचा डोंगर ह्यांच्या आग्रहानं घातला. मळ्यांतून पळालेले गुलाम तिथे लपून राहत, आणि गुलामी १८३५ साली संपायची होती म्हणूनच मळेवाल्यांनी हिंदुस्थानातल्या माणसांकडे मोर्चा वळवला. तो डोंगर पाहिल्याशिवाय घाट अर्धाच समजेल. कॅटमरान लेकीसाठी एक दिवस, तो मी कबूल केला आहे.

न्यायचं काय? बियाणं, रोपं, ताजी फळं नेता येणार नाहीत, म्हणून आईंची तुळशीची कुंडी नाही. मोदकाचा साचा, अष्टगंध, आणि ज्या घरी जाऊ त्यांच्यासाठी लीलो चिवडा व भाकरवडी, बंद पाकिटातली. दालपुरी तिथे रस्त्यावर मिळते, जेवणाची काळजी नाही.

तिथल्या मराठी मंडळाला आज पत्र लिहिलं. देवनागरीत लिहिलं आणि खाली तेच इंग्रजीत. बडोद्याहून चौघं येतो आहोत, आरतीला उभं राहू द्याल का, आणि आमच्यातल्या एका वयस्क बाईंना बसायला खुर्ची मिळेल का, असं विचारलं आहे. उत्तर आलं की पुढच्या भागात.