पप्पांचे दोन गुंठे

एप्रिल २०२३. वेताळ टेकडी वाचवण्यासाठी निघालेल्या मोर्चात मी गळ्यात पुठ्ठा अडकवून चालत होते. बालभारती ते पौड फाटा रस्ता टेकडीवरून नको, ही मागणी. घरी आल्यावर पप्पांनी तो पुठ्ठा हातात घेतला, नीट वाचला आणि विचारलं, "सगळ्याच टेकड्या वाचवणार का तुम्ही?"

मी गप्प. कारण आमचे दोन गुंठे.

२००६ मध्ये पप्पांनी वारज्याच्या बाजूला टेकडीच्या उतारावर जागा घेतली. पीएफ काढला, आईच्या पाटल्या गेल्या. एजंट म्हणाला, "आरक्षण आज ना उद्या उठतंय, साहेब." हातात आला तो नोटरी केलेला कागद. सातबाऱ्यावर नाव मूळ मालकाचंच. महापालिकेतून झोन दाखला काढला की जमीन कशासाठी राखलीय ते कळतं, हे आमच्या घरात कुणाला माहीतच नव्हतं. (तुम्ही कुठे प्लॉट बघत असाल तर आधी तो काढा.)

आरक्षण होतं बीडीपीचं, म्हणजे जैवविविधता उद्यानाचं. पुणे महापालिकेत १९९७ साली आलेल्या गावांपैकी २३ गावांच्या विकास आराखड्यात टेकड्यांवरची सुमारे ९७८ हेक्टर जमीन त्यासाठी धरलेली. निर्णय वर्षानुवर्षं लटकला आणि २०१५ मध्ये सरकारने आरक्षण कायम केलं. त्या रात्री पप्पा जेवले नाहीत. मी तेव्हा कॉलेजात होते. त्याच बातमीवर 'टेकड्या जिंकल्या' अशी पोस्ट मी टाकली होती. ती अजून आहे, डिलीट करायचा धीर झाला नाही.

मोबदला ठरला ८ टक्के टीडीआर. म्हणजे तेवढं बांधकाम दुसरीकडे करायचा हक्क, जो बिल्डरला विकता येतो. दोन गुंठे म्हणजे २,१७८ चौरस फूट, त्याचे ८ टक्के १७४. आमचा हॉल याहून मोठा आहे. आणि हे १७४ सुद्धा सातबाऱ्यावर नाव असेल त्याला. आम्हाला शून्य.

मागच्या पावसाळ्यात मी पप्पांना घेऊन तिथे गेले. आजूबाजूला पत्र्याच्या खोल्या, दोन पक्की घरं, विजेचे मीटर, एका गच्चीवर डिश. आमच्या तुकड्यावर मात्र नुसतं गवत आणि एक बोरीचं झुडूप. "तेव्हाच चार पत्रे ठोकले असते तर?" पप्पा म्हणाले. यावर मला उत्तर सुचलं नाही. नियम पाळणाऱ्याचे पैसे बुडाले, मोडणाऱ्याचा संसार उभा राहिला, आणि नकाशावर दोघांची जमीन त्याच हिरव्या रंगाची. टेकडी शहराला हवी असेल तर तिची किंमत शहराने द्यावी आणि पहिला पत्रा लागतो त्याच दिवशी तिथे पोचावं. आरक्षणाचा नुसता शिक्का मारून भागत नाही.

तरी आरक्षण उठावं असं मला वाटत नाही. हे मी पप्पांना सांगितलंही. वरून पाणी येत होतं. शेजारच्या सिमेंटवरून ते गढूळ होऊन थेट रस्त्याकडे धावत होतं. आमच्या गवतात शिरलेलं मात्र कातळाच्या भेगांत जिरत होतं, खाली पोचतच नव्हतं. पप्पा छत्री धरून बराच वेळ ते बघत उभे होते. मग म्हणाले, "बोराला फळ कधी धरतं गं? थंडीत ना?"

डिसेंबरात आम्ही पिशवी घेऊन गेलो.