काकूंची आडवी कुंडी

फुलझाडांची हौस आमच्या घराण्यांत पूर्वापार चालत आलेली आहे असें म्हणतां यावयाचें नाहीं. परसांत तुळस, जास्वंद, पारिजातक आणि देवपूजेपुरती तगर, एवढ्यावर आमच्या वाडवडिलांचें समाधान असे. कुरुळीच्या आमच्या घरांत डेलिया आणिला तो थोरल्या काकूंनीं. लग्नानंतरच्या पहिल्या माहेरपणाहून परततांना वाईहून त्यांनीं जें गांठोडें आणिलें, त्यांत लाडूंच्या डब्याशेजारीं वाळक्या रताळ्यांसारखा एक घोस निघाला. आजींना तो उपासाचा जिन्नस वाटला, व त्यांनीं तो उकडावयास चुलीपाशीं नेलाही होता, अशी कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. सुदैवानें काकू वेळेवर धांवल्या. त्या वर्षीं पौषांत अंगणांत ताटलीएवढीं तांबडीं फुलें उमललीं, आणि आजींनीं त्यांतलें पहिलें फूल आपण होऊन देव्हाऱ्यांत वाहिलें.

काकू गेल्या त्यास आतां चार वर्षें झालीं. फाल्गुन महिना होता. डेलियाचीं पानें पिवळीं पडूं लागलीं होतीं. पुढें काय करावयाचें तें काकूंनाच ठाऊक. आम्हां कोणास तें विचारण्याची बुद्धि कधीं झाली नाहीं. जाणतें माणूस ज्या घरांत असतें त्या घरांत इतरांचें अज्ञान सुखानें नांदतें, त्यांतलाच हा प्रकार. चैत्रांत आम्ही कंद काढावयास बसलों, आणि काकूंच्या आठवणीखातर तें काम अत्यंत नीटनेटकें करावयाचें ठरविलें. घोस स्वच्छ धुतले, रताळीं सोडवावीं तसा एकेक कंद देठापासून मोडून निराळा केला, आणि त्यांचे दोन वाटे केले. एक वाटा पत्र्याखालच्या माळ्यावर ठेविला; दुसरा, थंडावा मिळावा म्हणून, माजघरांत पाण्याच्या रांजणाशेजारीं ठेविला.

श्रावणांत पाहावयास गेलों तों माळ्यावरच्या कंदांचीं खारकांसारखीं वाळकीं बोटें झालेलीं! रांजणाशेजारचे कंद हात लावतांच पिचले. त्यांच्या वासानें वहिनींनीं आम्हांस तडक परसांत पिटाळलें. दोन्हींकडचे मिळून डझनभर कंद मात्र टणक राहिले होते. ते आम्हीं मोठ्या आशेनें लाविले. कार्तिक उजाडला तरी एकही अंकुर दिसेना. उकरून पाहिलें तर कंद जसेच्या तसे, निबर आणि निरोगी. पण उगवण्याची इच्छाच जणूं त्यांस नव्हती. काकूंचें अंगणांतलें नांव आपल्या हातून पुसलें गेलें, ही बोचणी त्या दिवसांत आम्हांस फार लागली.

परंतु त्याआधींच, भाद्रपदांत, गोठ्याच्या उत्तरेच्या वळचणीखालीं एक कुंडी आडवी पडलेली आमच्या धाकट्या भावास दिसली होती. ती काकूंनीं शेवटच्या आजारापूर्वीं स्वतःच्या हातानें तेथें आडवी केलेली. कुंड्या अशा आडव्या टाकण्याची त्यांची खोडच आहे असें आम्ही समजत असूं, आणि कोणी पाहुणे यावयाचे असले म्हणजे त्या गुपचूप उभ्याही करीत असूं! त्या कुंडींतून, कोरड्या मातीच्या ढेकळांमधून, दोन हिरवे कोंब बाहेर डोकावत होते. आमचे डझनभर कंद मुके राहिले तेव्हां आम्हीं ती कुंडी पुन्हां नीट पाहिली, आणि मग सगळा उलगडा झाला.

बटाटा हा जमिनीखालचें खोड होय. म्हणून त्याच्या अंगभर डोळे असतात, व त्याचा डोळा असलेला कोणताही तुकडा उगवतो. डेलियाचा कंद हें फुगलेलें मूळ होय. त्यास स्वतःचा डोळा नसतो. डोळे असतात ते जेथें कंद खोडाला मिळतो त्या मानेवर. मान मोडली कीं कंद कितीही पोसलेला असो, तो आंधळाच. काकूंच्या कुंडींत घोस मातीसकट, मानेसकट अखंड राहिला होता. कुंडी आडवी असल्यामुळें पावसाचें पाणी आंत शिरलें नाहीं, आणि मातीमुळें कंद सुकलेही नाहींत.

पुढें आम्हीं या फुलाविषयीं थोडें वाचन केलें. डेलिया मूळचा मेक्सिकोचा. १७८९ सालीं तो तेथून स्पेनमध्यें माद्रिदच्या राजोद्यानांत आला, आणि १७९१ त काव्हानिलेस या वनस्पतिशास्त्रज्ञानें आंद्रेअस डाल या स्वीडिश पंडिताच्या स्मरणार्थ त्याचें नामकरण केलें. मेक्सिकोनें १९६३ मध्यें त्यास आपलें राष्ट्रीय फूल ठरविलें. तेथील जुने लोक हे कंद खातही असत. तेव्हां आमच्या आजींची चूक अगदींच अवाजवी नव्हती! युरोपांत कंद काढून ठेवितात ते हिमाच्या भयानें. इंग्रजी पुस्तकांतला सारा उपदेश हिवाळ्यापासून कंद कसे वांचवावे याविषयींचा. आमच्याकडे तर हिवाळा हाच त्याच्या वैभवाचा काळ. त्याचे वैरी दोन, वैशाखाचें ऊन आणि आषाढाची ओल. तथापि मेक्सिको शहर आमच्याप्रमाणेंच विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें १९ अंशांवर आहे. तें २,२०० मीटरांहून उंच, आम्ही त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही खालीं, इतकाच मोठा भेद. तेथल्या डोंगरपठारावर पाऊस संपला कीं झाड वाळतें, व कंद कोरड्या ऋतूंत निजून राहतो. म्हणजे कोरडी झोंप ही त्याची जन्माचीच संवय आहे.

ती झोंप येथें कशी साधावी, हें आम्हांस शिकविलें तें आमचें शेत वाट्यानें करणाऱ्या आबांनीं. चाकणचा कांदा आणि खेड तालुक्यांतील बटाटा यांच्या सांठवणींत त्यांचा जन्म गेलेला. बटाट्याची आरण लावावयाची ती दाट सावलींत, वरून कडुनिंबाचा पाला व गवत घालून. ते आम्हांस म्हणाले, "काका, गारवा पायजे, पर वलावा नको, वारा पायजे, पर ऊन नको. येवढंच कसब हाय."

त्याप्रमाणें आम्ही आतां पानें सुकूं लागलीं कीं पाणी तोडतों. खोड वीतभर ठेवून वरचा भाग कापतों. आणि घोस न मोडतां, न धुतां, मातीसकट उचलतों. डेलियाचें खोड पोकळ असतें, त्यांत पाणी सांचून मान कुजते. म्हणून घोस उलटा टांगून आठवडाभर सावलींत वाळवितों. नंतर सच्छिद्र टोपलींत कोरड्या वाळूच्या थरांत तो ठेवून टोपली उत्तरेच्या खोलींत जमिनीपासून वर ठेवितों. महिन्यांतून एकदां पाहणी करावी. कुजका कंद कापून तेथें राख चोळावी, फार सुकला तर वाळूवर पाण्याचा नुसता शिपका द्यावा. शंभरांपैकीं शंभर वांचतात असें नव्हे. पण अंगण रिकामें राहत नाहीं. आणि एक कुंडी दरवर्षीं वळचणीखालीं आडवी असतेच.

यंदा वैशाखांत आमच्या घराच्या वाटण्या झाल्या. पुणें-नाशिक रस्त्याच्या दुतर्फा कारखाने उभे राहिल्यापासून आमच्या गांवांत हें ओघानेंच आलें आहे. दादा व वहिनी चिंचवडास सदनिकेंत राहावयास गेलीं, धाकटा पुण्यास. भांडींकुंडीं, जमीन, देव, सारें शांतपणें झालें. परंतु शांतता निराळी आणि मोकळेपणा निराळा. निघण्याच्या दिवशीं वहिनींनीं विचारिलें, "भावजी, काकूंचे कंद कोणाकडे?" त्या कुंडींतल्या मूळच्या घोसाविषयीं त्या बोलत होत्या. दादा म्हणाले, "तीन वाटे करून टाक." आम्हीं सांगितलें, "आतां नाहीं व्हावयाचें. डोळे दिसल्यावांचून कापला तर कोणाच्या वाट्याला आंधळा येईल, सांगतां येत नाहीं. भाद्रपदापर्यंत थांबावें लागेल." त्यावर कोणीं कांहीं बोललें नाहीं.

गणपतींत तिन्ही बिऱ्हाडें येथें जमलीं. गौरीजेवणाच्या दुसऱ्या दिवशीं ओट्यावर वर्तमानपत्र पसरून आम्हीं घोस मोकळा केला. मानेवर गुलाबी टाचणीच्या डोक्याएवढे डोळे फुगले होते. मुलांनीं ते मोजले, सात भरले. दादांनीं सुरी धरली, वहिनींनीं घोस धरला, आणि प्रत्येक तुकड्यास मानेचा अंश व दोन तरी डोळे येतील असे तीन भाग झाले. सातवा डोळा धाकट्याकडे गेला. त्याच्या सज्जांत ऊन कमी म्हणून. कापल्या जागीं राख आम्हीं लाविली.

परवां चिंचवडहून वहिनींचा दूरध्वनि आला. कोंब चार बोटें वर आले आहेत. फुलें पौषांत येतील. त्यांचा प्रश्न मात्र पुढचा होता: "फाल्गुनांत पाणी तोडलें कीं कुंडी कोणत्या कुशीवर आडवी करावयाची?" कोणत्याही कुशीवर चालते, असें आम्हीं सांगितलें. काकूंना हें आम्हीं कधीं विचारलें नव्हतें.