शोकेसमधली ट्रॉफी

गेल्या महिन्यातली गोष्ट. मगरिबची नमाज आटोपून मी तांदळाच्या भाकऱ्या थापत होते. तेवढ्यात माझी लेक मोबाईल घेऊन धावत आली. "अम्मी, माझी निवड झाली!"

ती पनवेलच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कुठल्याशा 'आंतरराष्ट्रीय ऑनर सोसायटी'चा तिला ई-मेल आला होता. तुमचे उत्तम गुण पाहून तुमची निवड केली आहे, आजीव सभासदत्व मिळेल, सोनेरी शिक्क्याचे प्रमाणपत्र मिळेल, रेझ्युमेचे वजन वाढेल. अगदी शेवटी बारीक अक्षरांत लिहिले होते: सभासद फी साडेसहा हजार रुपये, सात दिवसांत भरावी.

तिचे अब्बा कंटेनर यार्डात नोकरीला आहेत. घराचा हप्ता गेल्यावर हातात काय उरते ते मलाच ठाऊक. साडेसहा हजार म्हणजे आमचा महिन्याचा किराणा. पण लेकीचा चेहरा पाहून माझ्या तोंडून लगेच 'नाही' निघेना. विमानतळ शेजारी आल्यापासून आमच्या करंजाडेत ज्याच्या त्याच्या तोंडी नोकरीच्याच गोष्टी. झेरॉक्सच्या दुकानात जावे तर चार मुले बायोडेटा छापून घेत उभी. अशा वेळी आपल्या मुलीची एक ओळ कमी पडू नये, असे कोणत्या आईला वाटणार नाही?

मी तिला एवढेच विचारले, "बेटा, त्यांना तुझे गुण कुठून कळले?" ती गप्प झाली. मग म्हणाली, "मीच एका वेबसाईटवर फॉर्म भरला होता." दुसऱ्या दिवशी कळले की तिच्या वर्गातल्या आणखी तिघींना तोच ई-मेल आला आहे. त्यातल्या एकीचे दोन विषय राहिले होते.

मी थोडी माहिती काढली. ऑनर सोसायटी ही चीज मूळची अमेरिकेतली, आणि ती खोटी मुळीच नाही. 'फाय बीटा कॅप्पा' ही तिथली सर्वांत जुनी संस्था 1776 साली व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात सुरू झाली. कॉलेजातली तिची शाखाच मुले निवडते आणि निवडक मुलांनाच त्यात घेते. अशा संस्थांची पारख करणारा एक संघही तिथे 1925 पासून आहे. म्हणजे तिकडच्या विद्यापीठात शिकणाऱ्या आपल्या कोणा मुलाला प्राध्यापकांकडून असे बोलावणे आले, तर ते मानाचेच. फी तिथेही असते. म्हणून नुसती फी आहे एवढ्यावरून कोणाला खोटे ठरवता येत नाही. खरा प्रश्न वेगळा आहे: ही संस्था कोणाला 'नाही' म्हणते का? पैसे भरील त्या प्रत्येकाची जिथे निवड होते, तिथे निवड कसली? ती खरेदी झाली.

माझा भाचा बेलापूरच्या एका कंपनीत नोकरभरतीचे काम पाहतो. त्याला फोन केला. तो हसून म्हणाला, "खाला, बायोडेटात असले नाव दिसले की मी एकच विचारतो, तिथे तू काय केलेस? मुले म्हणतात, सभासद होतो. तिथेच बोलणे संपते."

हे सगळे मी लेकीला रात्री समजावून सांगितले. तिने निमूट ऐकले, आणि मग शोकेसकडे बोट दाखवून म्हणाली, "अम्मी, त्या ट्रॉफीचे पण तू पैसे भरले होतेस ना?"

भगिनींनो, खरे सांगते, मला जमिनीने पोटात घ्यावे असे झाले.

पाच वर्षांपूर्वी एका संस्थेचे पत्र आले होते. 'आदर्श शिक्षिका पुरस्कारासाठी आपली निवड झाली आहे.' नोंदणी शुल्क तीन हजार. मी भरले. सभागृहात आम्ही शंभरएक आदर्श शिक्षक रांगेत उभे होतो. शाल, ट्रॉफी, फोटो, पुढचा! माझा वर्ग कोणी पाहिला नव्हता, माझ्या एका विद्यार्थ्यालाही कोणी काही विचारले नव्हते. तरी मी तो फोटो सगळ्या नातलगांना पाठवला. 'रिया' म्हणजे दिखावा किती वाईट, हे मुलांना शिकवणारी मीच. लेक तेव्हा शाळेत होती, पण तिच्या लक्षात सारे होते.

मी म्हटले, "हो, भरले होते. चूक झाली. म्हणूनच तुला अडवते आहे." ती काही बोलली नाही. पण तिने मोबाईल बाजूला ठेवला.

मग आम्ही दोघी तिचा बायोडेटा लिहायला बसलो. ती राष्ट्रीय सेवा योजनेत आहे. ही एन.एस.एस. 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झाली. दोन वर्षांत 240 तास काम आणि सात दिवसांचे शिबिर करावे लागते, तेव्हा प्रमाणपत्र हाती येते. लेकीने त्यावर फक्त 'एन.एस.एस. स्वयंसेविका' एवढेच लिहिले होते. मी विचारले, शिबिरात काय केलेस? तेव्हा कळले की तिने सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मातीने भरून वाडीच्या ओढ्यावर वनराई बंधारा घालायला हात लावला होता, आणि पन्नास जणांच्या सात दिवसांच्या शिध्याचा हिशोब एकटीने ठेवला होता. शेवटी अकरा रुपयांचा फरक निघाला, तो तिने रात्री जागून शोधला. आता तिच्या बायोडेटात ही ओळ आहे. यावर ती दहा मिनिटे बोलू शकते.

एन.सी.सी.चेही तसेच. तिचे 'सी' प्रमाणपत्र किमान 'बी' श्रेणीत आणि पदवीला 50 टक्के गुण असले, तर सैन्यात अधिकारी होण्यासाठी लेखी परीक्षेविना थेट मुलाखतीला बोलावण्याची सोय आहे, मुलींनाही. हे कागद घामाने मिळतात, म्हणून चालतात.

त्याच आठवड्यात आमच्या शाळेने वार्षिक अहवालासाठी प्रत्येक शिक्षकाची कामगिरी लिहून मागितली. दरवर्षी मी ट्रॉफीचे नाव लिहीत असे. यंदा लिहिले: "उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी दर शनिवारी मराठी वाचनाचा तास. जूनमध्ये अडखळत वाचणारी नऊ मुले आता वर्तमानपत्र वाचतात." त्या तासासाठी मला आजवर कोणी शाल दिलेली नाही.

ट्रॉफी मी माळ्यावर टाकणार होते. लेक म्हणाली, "राहू दे अम्मी. असा ई-मेल पुन्हा आला की बघायला बरी."