ऑलिंपियाची राखेची वेदी

ग्रीस देशातले ऑलिंपिया म्हटले की खेळांची मशाल आठवते. आम्ही मात्र तिथे झ्यूस देवाची वेदी शोधत फिरलो. पेलॉप्सचे आवार आणि हेरा देवीचे मंदिर यांच्यापुढे ती होती. आज खूण नाही, कारण ती दगडाची नव्हतीच! बळी दिलेल्या जनावरांच्या जाळलेल्या मांड्यांची राख साचून झालेला तो ढीग. दुसऱ्या शतकातील प्रवासी पॉसेनियस याने उंची २२ फूट नोंदवली आहे. पुजारी वर्षातून एकदा आल्फिओस नदीच्या पाण्यात राख कालवून वेदी लिंपत.

खेळांच्या वेळी इथे १०० बैल कापले जात. देवाला हाडे नि चरबी, मांस माणसांना! देवाचा वाटा हा असा. वेदीच्या माथ्यावर फक्त पुरुष चढत. स्त्रियांना खालच्या टप्प्यापर्यंतच मुभा, आणि खेळांच्या दिवसांत विवाहितांना तीही नाही.

इ. स. ३९१-९२ मध्ये सम्राट थिओडोशियसने बळी बंद केले.

उत्खननात काशाचे आणि मातीचे हजारो छोटे बैल-घोडे सापडले. कित्येक तिथल्या संग्रहालयात आहेत. खरा बैल ज्याला परवडला नाही, त्याने मातीचा वाहिला असावा, असे आम्हाला वाटले. काही तर बोटाएवढेच आहेत.